छोट्या भांड्यातली स्मूदी

सासूबाईंना ताप आला आणि गेला, पण जाताना तोंडाची चव घेऊन गेला. नंतर कितीतरी दिवस बाई दोन घासांवर ताट बाजूला सारायच्या. "मना सगळं मातीसारखं लागतंय," म्हणायच्या, आणि भिंतीकडे तोंड करून पडायच्या. गाल बसले, बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या.

समुद्राकाठच्या करंज्याला दिलेल्या माझ्या नणंदेने फोनवरून निर्वाणीचं सांगितलं, "वहिनी, रविवारी मी येते. आई अशीच दिसली ना, तर घेऊन जाईन. माझ्याकडं रोज ताजी मासळी हाय." पुढचं ती बोलली नाही, पण मला नीट ऐकू आलं.

आता खरं सांगायचं तर तिचं चुकत नव्हतं. माझं माहेर पनवेलातलंच, पण आमच्या आळीत मासे फक्त शाळेच्या तक्त्यावर. लग्न झालं ते गव्हाण गावच्या मासळी खाणाऱ्या घरात. सरकारी प्रकल्पात जमीन गेली, फ्लॅट आला, आणि फ्लॅटच्या स्वयंपाकघराची आम्ही वाटणी केली: मासळी सासूबाईंची, वरणभात माझा. भांडलो भरपूर. पण ती बाई माझ्या घरातून उठून जाणार, आणि तेही माझ्यामुळे, हे मला सहन होणारं नव्हतं. लोक नावं ठेवतील हे एक. दुसरं म्हणजे, त्या गेल्यावर मी दिवसभर भांडू कोणाशी?

म्हणून मी स्मूदीला शरण गेले. मोबाईलवर सापडलेल्या व्हिडिओतल्या बाईचा ओटा पांढराशुभ्र होता. त्यावर जन्मात कधी फोडणी उडाली नसावी. ताजं आलं घातलेली फळांची स्मूदी प्या, ती सांगत होती, पचन सुधारतं, भूक लागते, त्वचा उजळते. त्वचेचं सासूबाईंना काही पडलेलं नव्हतं, पण भूक हवी होती. केळं, पपई, दोन खजूर, वाटीभर दही आणि पेरभर आलं किसून. पहिल्या दिवशी उत्साहाच्या भरात मी पेराऐवजी बोटभर घातलं.

सासूबाईंना ठसका लागला. "गो पोरी, फळं दिलीस का काढा दिलास?"

नवरा ग्लासात बघत "हेल्दी लागतंय" म्हणाला आणि ऑफिसला जाताना कोपऱ्यावर वडापाव खाऊन गेला. मला कळतं सगळं.

दुसऱ्या दिवशी मी आलं कमी केलं, आणि चमत्कार! ग्लास रिकामा. तिसऱ्या दिवशीही रिकामा. मी हवेत. बिल्डिंगच्या ग्रुपवर फोटोसुद्धा टाकला, दोन बायकांनी कृती मागितली. मग एका सकाळी खिडकीतल्या कढीपत्त्याच्या कुंडीत मुंग्यांची ही रांग दिसली. वाकून बघते तर मातीवर पपईचा लगदा आणि आल्याचे दोरे.

"आई, हे काय?"

"त्याला पन अशक्तपना आल्ता," सासूबाई म्हणाल्या, आणि भिंतीकडे वळल्या.

मला संताप आला. त्यांच्यावर कमी, त्या शुभ्र ओटेवाल्या बाईवर जास्त. रविवार तोंडावर आला होता.

शनिवारी सकाळी मिक्सरच्या मोठ्या भांड्याचं पातं फिरेना. दुरुस्तीवाला म्हणाला, सोमवारी बघू. उरलं छोटं भांडं, आणि ते सासूबाईंचं. त्यात फक्त जवळ्याची चटणी वाटली जायची: वाळवलेला जवळा म्हणजे इवलीशी कोलंबी, लसूण, लाल मिरची. मी ते साबणाने घासलं, लिंबाने घासलं, कढत पाण्यात बुडवलं. सगळं पुसून-पासून त्यात स्मूदी फिरवली, ग्लास सासूबाईंच्या उशाशी ठेवला आणि अंघोळीला गेले.

बाहेर येते तर ग्लास रिकामा. मी आधी कुंडीत बोट घालून बघितलं. माती कोरडी ठणठणीत.

"आज जरा बरी झालीय," सासूबाई ओठ पुसत म्हणाल्या. "अजून हाय का?"

अगं बाई! मी नाचायचीच बाकी होते. लगेच करंज्याला फोन लावला आणि आल्याच्या गुणांवर नणंदेला भरपूर ऐकवलं. मग विजयाच्या आनंदात भांड्यात उरलेली स्मूदी मी स्वतः तोंडाला लावली. शी! आधी केळं, मग पपई, आणि मागून आला जवळा, लसणासकट. मी बेसिनकडे धावले. झाकणाचं रबर काढून धुवायचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. माझ्या लग्नाआधीपासूनचा जवळा त्यात मुरून बसला होता.

सांगावं का? दुपारी त्यांनी अर्धी भाकरी मागून घेतली, तेव्हाच मी ठरवलं, नाही सांगायचं. आल्याला श्रेय मिळतंय तर मिळू दे बिचाऱ्याला. रविवारी सकाळी पुन्हा छोटंच भांडं काढलं, आणि या वेळी झाकणाला पाणीसुद्धा लावलं नाही.

नणंद आली ती रिकामी पिशवी घेऊनच. आईचा चेहरा दोन्ही हातांत धरून बघितला, म्हणाली, "बरी दिसतेस गो. तरी चल, कपडे भर. हितं काय ठेवलंय?" एवढं करूनही त्या जाणारच होत्या तर.

"नाय येत मी," सासूबाई म्हणाल्या.

"का?"

त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "हिला एकटीला टाकून कशी येऊ? काल केळ्यात जवळा वाटला हिनं. मी प्यायले, काय बोलले नाय. माझा पोरगा भायेर जाऊन काय पन खाईल. ही कुठं जाईल?" मग म्हणाल्या, "चटनी तरी शिकू दे तिला. मंग बघू."

नणंदेने रिकामी पिशवी घडी करून बाजूला ठेवली. इतका अपमान माझा त्या घरात कधी झाला नव्हता, आणि इतकं बरंही मला त्या घरात कधी वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. त्याला आता वर्ष होत आलं. चटणी मला अजून जमत नाही. दर वेळी मी मीठ जास्त टाकते, मुद्दाम.