बुरुजावरचा चहा

शहागडजवळच्या एका गावात जुना बुरूज पाहायला गेलो होतो. वर मुंडासंवाले एक आजोबा बसलेले. शेजारी बशीने झाकलेले दोन कप. बंदुकीसाठी भिंतीत ठेवलेल्या भोकाला त्यांनी एकदा डोळा लावला, मग एक कप माझ्यापुढं सरकवला.

"मी येणार हे कसं कळलं?"

"तुमची गाडी फाट्यावर वळली तवाच इथून पाह्यली. लगेच घरून चहा मागवला."

"रोज बसता इथं?"

"बसतो की. आमच्या वाडवडलांनी दुश्मन दिसावा म्हून हे भोक ठेवल्तं. आता दुश्मन कुठला? मंग पाहुणा तरी चुकू नये."

चहा गारढोण होता. तासभर मी खाली दगडांचे फोटो काढत हिंडलो होतो. त्यांचाही कप भरलेलाच होता.