उन्हाचा अर्ज

"काचेच्या पेटीत ठेवलीय गं तुझी गादी, आई! काचेच्या! येणारा-जाणारा थांबून बघतो."

"वा गं वा! गादी उन्हात आणि गादीवाली अंधारात."

"तुला ना, कशातच काही चांगलं दिसत नाही."

"दिसेल कसं? भर दुपारी दिवा लावून बसलेय. बघ, वर बघ जरा!"

वर बघण्यासारखं काही नव्हतं. डोक्यावर दगडी कमान होती, आणि कमानीवर रेल्वेचा जुना पूल. घरांच्या दुसऱ्या मजल्याइतक्या उंचीवरून तो गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेला. त्याच्या तिसऱ्या कमानीखाली दाभणकाकूंचं गाद्यांचं दुकान. दाभण म्हणजे गादी टाचायची वीतभर लांब, जाड सुई. ती कायम त्यांच्या अंबाड्यात खोचलेली असे, म्हणून हे नाव. जिभेमुळे पडलं असंही काही जण म्हणत, पण त्यांच्यासमोर नाही.

"रविवारी कार्यक्रम आहे," लेक म्हणाली. गळ्यातलं ओळखपत्र तिने उगाच सरळ केलं. पुलावर झालेल्या नव्या बागेच्या माहिती कक्षात ती सहा महिन्यांपूर्वी लागली होती. "तू यायचंस. गादीला काठीने दोन फटके मारून दाखवायचे, दोन शब्द बोलायचे. मॅडमनी मुद्दाम सांगितलंय."

"फटके गादीलाच मारायचे ना? नाही, आधी विचारून ठेवलेलं बरं."

"आई!"

"बरं, अर्जाचं काय झालं?"

"दिला की. माझ्या हाताने दिला मॅडमना."

"मग?"

"त्यांना फार आवडला."

काकूंचा दोरा ओढणारा हात थांबला. "आवडला? अगं, अर्ज मंजूर होतो नाहीतर नामंजूर होतो. आवडतो म्हणजे काय? ती काय साडी आहे?"

"मला नाही माहीत. तू रविवारी ये आणि त्यांनाच विचार!" असं म्हणून लेक तरातरा निघून गेली. काकूंनी तेवढंच धरून ठेवलं. त्यांनाच विचार. ठीक आहे. विचारू.

त्या अर्जात होतं तरी काय? ऊन मागितलं होतं. हसू येईल कुणाला, पण त्या गल्लीत येऊन राहावं आणि मग हसावं. पुलाची सावली सकाळी या बाजूच्या घरांवर पडायची आणि दुपारी त्या बाजूच्या. तळमजल्यांना ऊन कसं ते ठाऊकच नव्हतं. भिंतींना हात लावला तर बोटं ओली. उशांना कुबट वास. काकू लग्न होऊन इथे आल्या तेव्हा वरून दर दहा मिनिटांनी गाडी जाई आणि दुकानातल्या कात्रीपासून सासऱ्यांच्या चष्म्यापर्यंत सगळं थरथरे. सासऱ्यांनी पहिला धडा दिला तो हाच: गाडी आली की दाभण गादीत तशीच रुतवून ठेवायची, हात उचलायचा नाही, ती गेली की पुढचा टाका. बारा वर्षं काकूंनी टाके असेच घातले. अजूनही बोलता बोलता त्यांचा हात मधेच थांबे. नवीन गिऱ्हाइकाला वाटे, बाई विसरल्या वाटतं.

मग एक दिवस गाड्या बंद झाल्या. कुठून तरी नवा मार्ग निघाला, हा नकोसा झाला. वर्षभर रुळांत गवत वाढत राहिलं. आणि एका सकाळी, कापसाच्या गठळ्या सुकता सुकेनात म्हणून वैतागलेल्या काकूंनी खांबाला लागून असलेली कामगारांची लोखंडी शिडी धरली, पदर खोचला आणि वर गेल्या. वर ऊन होतं. या टोकापासून त्या टोकापर्यंत फुकट पडलेलं, स्वच्छ, करकरीत ऊन! त्यांना आधी रागच आला. इतकी वर्षं डोक्यावर हे होतं आणि आपण खाली बुरशी पुसत बसलो!

त्यांनी दोर टाकून पहिली गादी वर ओढली. पुढच्या आठवड्यात शेजारची शिंपीण आली, मग कोपऱ्यावरचा सायकलवाला, मग अख्खी गल्ली. दर आठवड्याला एक सकाळ ठरली, आणि तिचे नियमही. मधल्या दोन सिग्नलच्या खांबांमधली जागा आजाऱ्यांची, कारण तिथे ऊन सर्वांत जास्त वेळ टिकतं. तिच्या शेजारी बाळंतिणींची अंथरुणं. बाकीच्यांनी कडेला पसरायचं आणि तोंड मिटून बसायचं. अकराला काकू हाळी द्यायच्या, "उलटाऽऽ!" की पन्नास माणसं एकदम उठून गाद्या उलट्या करणार, आणि मग धपाधप काठ्या. भांडणंही झकास व्हायची. "तुमची रजई माझ्या उशीवर चढलीय हो!" "चढली तर चढली, घोड्यावरचा जावई थोडाच आहे उतरवून घ्यायला!" काकूंची लेक तिथेच गाद्यांवर लोळून वाढली. तिचा लहानपणीचा खोकला तिथेच गेला.

बागेची टूम निघाली तेव्हा सह्या मागायला माणसं आली, त्या कागदावर पहिली सही कुणाची? काकूंचीच. "झाडं लावताहेत, बाकं टाकताहेत, वाईट काय त्यात?" शिवाय काम चालेल तेवढे दिवस कळ काढायची, असं सांगितलं होतं. काम तीन वर्षं चाललं. गवत उपटलं आणि त्याच्या जागी तसंच दिसणारं गवत विकत आणून लावलं. लोखंडी शिडी कापून नेली. दोन टोकांना दोन जिने आणि दोन लिफ्ट झाल्या. उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवशी काकू गादीची गुंडाळी डोक्यावर घेऊन लिफ्टपाशी गेल्या, तर रखवालदाराने शिट्टी फुंकली.

"आजी, कपडे वाळत घालायला मनाई आहे. पाटी वाचा."

"हे कपडे आहेत का? डोळे आहेत ना तुला? गादी आहे ही."

"मग सामान नेण्यास मनाई. नियम सात."

त्या दिवसापासून काकू वर गेल्या नव्हत्या. मानी बाई. पण समोरच्या ड्रायव्हरकाकांची बायको दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली. जन्मभर बस चालवलेला तो माणूस आता दिवसभर चादरी इस्त्रीने सुकवत बसे. पाठीच्या जखमा चिघळत चालल्या होत्या. डॉक्टर दर खेपेला एकच सांगत, अंथरूण कोरडं ठेवा. सांगायला काय जातं! काकूंनी शेवटी मान गुंडाळून ठेवला आणि अर्ज लिहिला. घरोघर फिरून एक्केचाळीस सह्या घेतल्या. लेकीच्या हाती दिला. दोनच दिवसांनी लेक म्हणाली, "एखादी जुनी गादी दे ना, ऑफिसला हवीय." काकूंना वाटलं, रखवालदाराला निजायला हवी असेल. दिली. म्हणाल्या, शिट्टी फुंकतो म्हणून काय झालं, पाठ त्यालाही आहे.

आणि ती गादी काचेत जाऊन बसली.

रविवारी काकू काठी घेऊन निघाल्या. लिफ्टला रांग होती, म्हणून जिना चढल्या. वर तीसचाळीस माणसं, कॅमेरे, कागदी पेल्यांत सरबत. आणि नेमकी मधल्या दोन खांबांमध्ये, आजाऱ्यांच्या जागेवर, काचेची पेटी. आत त्यांची गादी. महिनाभर एकाच कुशीवर पडून वरचा निळा पट्टा पांढरट झालेला. काकूंच्या अंगाचा तिळपापड झाला. उलटवलीसुद्धा नाही मेल्यांनी!

पेटीमागे पुरुषभर उंच नवा फलक होता. त्यावर अक्षर ओळखीचं. त्या जवळ गेल्या. 'आम्ही या पुलाखालचे रहिवासी. आमच्या घरात ऊन येत नाही. पुलावर आम्ही अंथरुणांना ऊन दाखवायचो...' त्यांचाच अर्ज! एवढा मोठा करून लावलेला. खाली शिंपिणीची वाकडी सही, ड्रायव्हरकाकांची थरथरती सही. वर शीर्षक: 'आठवणींचं ऊन'.

काकूंनी शेवटची ओळ शोधली. नव्हती. जिथे मागणं होतं तेवढी पट्टी कापून खालच्या सह्या वर जोडल्या होत्या.

"याच त्या काकू!" बागेच्या मुख्य मॅडम हसत पुढे आल्या. बोलायला गोड, हातात फाइल. "इतकं हृदयस्पर्शी पत्र मी कधी वाचलं नव्हतं. काकू, ते दिवस आठवून काय वाटतं, सांगा ना सगळ्यांना." आणि माइक काकूंच्या तोंडाशी धरला.

"पत्र नाही हो ते," काकू म्हणाल्या. माइकमुळे आवाज पुलाच्या दोन्ही टोकांना गेला. "अर्ज आहे. आणि ते दिवस कुठले? ड्रायव्हरकाकांची बायको आत्ता, या घटकेला, तुमच्या पायांखाली ओल्या गादीवर पडलीय. ही गोष्ट त्या दिवसांची नाही, आजची."

कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं.

"शेवटची ओळ खाल्लीत तुम्ही. मी सांगते. 'तरी आम्हाला आठवड्यातून एक सकाळ, दहा ते एक, पुलावर अंथरुणं पसरण्याची परवानगी मिळावी, ही विनंती.' पाठ आहे मला. सहा वेळा खोडून लिहिलीय."

"काकू, जागा कमी पडत होती म्हणून..."

"गादीला काचेचं घर बांधायला जागा होती!"

"तुमच्या भावना समजतात मला. खरंच. पण पर्यटक येतात इथे, बाग कशी दिसते तेही बघावं लागतं. आपण नंतर ऑफिसमध्ये निवांत बोलू. आता काठीचा तेवढा एक छानसा फोटो घेऊ या?"

"फोटो घ्या. शंभर घ्या. आधी सांगा, सकाळ मिळणार की नाही? हो म्हणा, नाही म्हणा. दोन्ही शब्द लहान आहेत."

मॅडमनी माइक खाली घेतला आणि काकूंच्या लेकीकडे वळून हळूच म्हणाल्या, "आईंना जरा बाजूला ने. समजाव त्यांना."

लेक पेटीपाशी उभी होती. फलकावरच्या कापलेल्या जागेकडे बघत होती, जणू आत्ताच तिला ती दिसली. काकूंनी तिच्याकडे पाहिलं आणि मनात म्हटलं, ने बाई बाजूला, तुझी नोकरी आहे, मी समजू शकते. पण समजू शकत नव्हत्या. हात काठीवर तसाच घट्ट थांबला होता.

लेक आली. आईशेजारी उभी राहिली. बाजूला नेण्यासाठी तिने हात पुढे केला नाही.

"मॅडम," ती म्हणाली. "अर्ज मी दिला होता. पूर्ण दिला होता. शेवटच्या ओळीसकट. मलाही उत्तर हवंय. हो की नाही?"

सगळे मॅडमकडे बघू लागले. कॅमेरेसुद्धा. मॅडमनी एकदा काकूंकडे पाहिलं, एकदा लेकीकडे, मग तिच्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे जरा जास्त वेळ. फाइल मिटली, काखेत धरली, आणि लाकडी फळ्यांवर टाचा वाजवत त्या लिफ्टच्या दिशेने चालू लागल्या.