खालून वाचायची यादी

"यादी खालून वाचाची, बाबू," म्हणत गुरुजी माझ्या टेबलावरचा निकालाचा कागद ओढून घेत आणि तळाच्या ओळीवर बोट ठेवत. फार शोधावं लागत नसे. तळाला त्यांचीच शाळा असे.

मी तेव्हा चांद्याला शाळा तपासणीच्या कचेरीत कारकून होतो. चौथीचा निकाल लागला की पास झालेल्या पोरांच्या शेकडेवारीवरून शाळांचा क्रम लावायचा, हे काम माझं. काम बिनडोक, पण मला त्याचा कोण अभिमान! पहिल्या शाळेचं नाव मी लाल शाईने लिहीत असे. तुम्हीही अशा याद्या पाहिल्या असतील. वरच्या तीन ओळींखाली नजर कधी गेली होती का, खरं सांगा.

गुरुजी येत एटापल्लीच्याही आतून, जंगलातल्या गावातून. दोन दिवस पायी, मग मोटार. येताना पळसाच्या पानांत टेंभुर्णीची पिकली फळं, टेंभरं, आणत आणि वाटायला सुरुवात करत ती चपराश्यापासून. साहेबांच्या खोलीपर्यंत पोचेतो पानं रिकामी. साहेबांनी ते कधी मनावर घेतलं का, देव जाणे.

एका वर्षी त्यांच्या सगळ्या पोरांचं गणितातलं एक उत्तर चुकलं, आणि तेही अगदी सारखंच. परीक्षकाने नकलेचा शेरा मारला. प्रश्न साधा होता. तिघांनी शेतात कमीजास्त दिवस काम केलं, तर धान्याची वाटणी कशी करावी? पोरांनी तिघांनाही सारखे वाटे देऊन टाकले होते. गुरुजी शेरा काढून घ्यायला आले, तेव्हा मी विचारलं, अहो, पण सगळी एकदम कशी चुकली?

"आमच्या गावात शिकारीचे वाटे घरामागे सारखेच पडते, बाबू. जो घरी तापानं निजून हाय, त्यालेही. पोरायनं जे पाह्यलं थे लिवलं."

शेरा निघाला. मार्क मात्र मिळाले नाहीत, आणि शाळा पुन्हा तळाला गेली.

मला काही ते उत्तर सोडेना. एकदा शंका आली की माझं डोकं गप्प बसत नाही. लाल शाईवाल्या शाळेचा हजेरीपट काढून पाहिला, तर चौथीत पोरं पुष्कळ आणि परीक्षेला बसलेली मोजकीच. कच्ची आधीच गाळलेली. गुरुजींच्या शाळेतून पटावरचं प्रत्येक पोर बसत होतं. म्हणजे इतकी वर्षं मी नेमकं काय मोजत होतो?

त्यातच वरून हुकूम आला, मागची दोन वर्षं धरून लागोपाठ तीन वर्षं तळाला राहिलेली शाळा बंद करायची. गुरुजी परीक्षेचे अर्ज घेऊन आले, तेव्हा मी त्यांना बाजूला घेतलं. म्हटलं, चार कच्ची नावं गाळा, शाळा वाचेल. सगळेच करतात. त्यांनी पोरांची यादी माझ्यापुढे ठेवली आणि माझाच टाक माझ्या हातात दिला.

"कोनाले गाळू? तुमीच खोडा."

मी खोडायलाच बसलो होतो. पहिल्या नावाशी ते म्हणाले, ही पहाटे मोहफुलं वेचते, मग शाळेत येते. दुसऱ्याशी म्हणाले, याच्या घरी सारी गोंडी, मराठी याच्या कानावर पडते ती फक्त शाळेत. तिसरा पुरात डोंगा हाकून धाकट्यांना शाळेत आणायचा. गुरुजी गयावया करत नव्हते, नुसती ओळख करून देत होते. मी टाक खाली ठेवला. शाळेसाठी ती नावं खोडायला हवी होती, असं आजही कधी कधी वाटतं. आणि आजही माझ्याने ते होणार नाही.

शाळा तिसऱ्याही वर्षी तळाला आली आणि बंद झाली. गुरुजींची बदली गोंडपिपरीकडे झाली. जाताना टेंभरं वाटून गेले, अर्थात चपराश्यापासून. पुन्हा कचेरीत आले नाहीत. मला फार चुकल्याचुकल्यासारखं झालं.

पुढच्या वर्षीची यादी मी खालून वाचली. तळाला दुसऱ्याच शाळेचं नाव होतं, तिथे कुणीतरी लागतंच. त्या जंगलातल्या गावची पोरं मात्र कुठेच नव्हती. पासांत नव्हती, नापासांतही नव्हती.

जिल्ह्याचा निकाल सुधारला म्हणून साहेबांनी पेढे आणवले. वाटायला सुरुवात झाली ती त्यांच्या खोलीपासून. चपराश्यापर्यंत पोचेतो पुडा रिकामा झाला होता.