दुधात न्हालेला ओपल

आमच्या कामशेतच्या घरी माझा साखरपुडा झाला आणि मला आभाळ ठेंगणं झालं. एक तर मुलगा लोणावळ्याचा, रेल्वेत नोकरीला, आणि मला तो इतका आवडला होता की त्याचा विषय निघाला की हसू आवरायचं नाही. त्यात बोटातली ती अंगठी! होणाऱ्या सासूबाईंनी स्वतःच्या बोटातली काढून मला घातली होती. त्या लोणावळ्यातल्या एका पारशी बाईंचे कपडे शिवायच्या. बंगला सोडून जाताना बाईंनी ती त्यांना दिलेली. सासूबाईंच्या घरात तिच्याहून मोलाचं काही नव्हतं.

खडा ओपलचा. एरवी साबुदाण्याच्या खिरीसारखा पांढरट, पण बोट हललं की आत हिरवं पेटायचं, कललं की तांबडं, मधेच मोरपिशी. माणिक बिचारं एकाच रंगावर ऐट करतं! मी तवा सोडून अंगणात पळायची आणि हात उन्हात धरायची. आई आतून ओरडायची, "भाकरी करपली!" करपू दे!

मग भाजे गावची मावशी आली. "खडा कसला बी असू दे, कच्च्या दुधात न्हाल्याबिगर बोटात चढवायचा न्हाई," म्हणाली, आणि अंगठी दुधाच्या वाटीत टाकून दिवसभर झाकून ठेवली. संध्याकाळी काढली, तर आतले रंग गायब. नुसती घामेजलेली काच.

"रंग कुटं गेलं गं?" मावशीचंच तोंड उतरलं.

दुसऱ्या दिवशी सासूबाई लग्नाचा बस्ता बांधायला येणार होत्या. खडा बदलला असं त्यांना वाटलं तर लग्न मोडणार, एवढंच मला कळत होतं.

त्या आल्या. चहा देताना त्यांची नजर माझ्या बोटावर गेली. मी बशी खाली ठेवली, एका दमात सगळं सांगून टाकलं आणि भोकाड पसरलं. "व्हय, म्याच बुडवली," मावशी मागून म्हणाली.

सासूबाईंनी अंगठी काढून घेतली. त्यांनी ती उजेडाला धरली, पदराने पुसली आणि हसत सुटल्या. "पाणी पितो गं हा. भांडी घासताना माझ्याही हातात असाच विझायचा. चार दिवस कोरडा ठेव, येतील रंग."

"आणि नाही आले तर?"

"तर तशीच ये," अंगठी पुन्हा माझ्या बोटात सारत त्या म्हणाल्या. "माझा लेक ताटावर बसतो आणि मीठ मागायच्या जागी तुझं नाव घेतो."