थंड अंगाची पेटी

तेलंगणातल्या बेल्याजवळच्या, कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंग मिलमध्ये माझा मामा फिटर होता. कुठलंही मशीन उघडण्याआधी तो त्यावर उजवा तळहात ठेवायचा, आमच्याकडे ताप आलेल्या माणसाचं अंग पाहतात तसा. गरम लागलं तर थांबायचं, थंड लागलं तर उघडायचं. मिलमध्ये सगळेच याला 'अंग पाहणं' म्हणत.

त्या हंगामात मोटरचा वेग सांभाळणारी नवी पेटी भिंतीवर बसली. बसवणाऱ्यानं मालकाला कौतुकानं सांगितलं होतं, की आत अ‍ॅल्युमिनियम आणि सिरॅमिक, म्हणजे धातू आणि कपबशीच्या जातीचा माल, एकजीव करून केलेला पत्रा आहे. तो सगळी उष्णता ओढून भिंतीपलीकडे फेकतो. मी डबा घेऊन गेले तेव्हा मामानं माझाही हात तिच्यावर ठेवला. शेजारची मोटर चटका देत होती आणि पेटी माठासारखी गार. आत काहीतरी बारीक गुणगुणत होतं.

"इचं आंगच लागत नाही पोरी," मामा हसत म्हणाला. "जिती हाये का मेली, कसं समजावं?"

मला हसू आलं नाही.

पुढे एका दुपारी मी तिथं असतानाच लाइन गेली. पट्टे थांबले. अंधारलेल्या मिलमध्ये कापसाची बारीक तूस आवाज न करता खाली येत राहिली. पेटीच्या जाळीत तूस अडकली होती, तेवढी काढून घेतो म्हणून मामा उठला. त्यानं अंग पाहिलं. थंड. गुणगुणही बंद. त्यानं झाकण काढलं.

अख्ख्या मिलमध्ये वीज नव्हती, आणि तिथं निळा उजेड पडला.

लाइन गेल्यावरही पेटीच्या पोटात काही वेळ वीज साठून राहते. तसं झाकणावर लिहिलेलं होतं, इंग्रजीत. मामा वाचला, तळहात जळाला. मालक दवाखान्यात येऊन हिंदीत विचारून गेला, "लिखा तो था, पढ़ा क्यों नहीं?" जिथं वाचणारे मराठी आणि तेलुगूवाले, तिथं इंग्रजीत लिहायचं आणि वर हे विचारायचं! मी पत्रक काढलं: आमच्या हाताला कळेल असं मशीन आणा, नाहीतर आमच्या भाषेत सांगा. पत्रकं फाटकावर वाटली. झाकणावरची पाटी बदलली. म्हणजे दोन ओळी मराठीत लिहायला यांना आधी एक हात जाळावा लागला. मामाला परत कामावर घेतलं नाही.

पावसाळ्यात मला मलेरिया झाला. मामा खाटेजवळ येऊन बसला आणि सवयीनं तोच जळालेला हात माझ्या कपाळावर ठेवला. कातडं ताठ, गुळगुळीत, गार.

"काही नाही," तो म्हणाला. "थंड हाये."

मी तापानं फणफणत होते. माझे दात वाजलेले त्याला ऐकू आले. हात मात्र त्यानं उचलला नाही. मान वाकवून कान माझ्या कपाळाजवळ आणला आणि आत काही गुणगुणतंय का, ते ऐकत राहिला.