मीराताईच्या साडीचा पिवळा

माझ्यावर कोणी विश्वास ठेवला नाही हो! नवऱ्याने नाही, सुनेने नाही, आणि जिला नऊ वर्षांची असल्यापासून मी या हातांनी जेवू घातलं त्या रूपालीनेही नाही. चौथीपर्यंत शिकलेली बाई, तिला काय कळतं? पण रंग ओळखायला कोणती शाळा लागते, सांगा बरं! आता ऐकाच, कशी फजिती झाली ते.

रूपाली ही माझ्या नणंदेची, मीराताईची मुलगी. मीराताई वारली तशी रूपाली आमच्या असोद्याच्या घरी आली आणि इथलीच झाली. यंदा तिचं लग्न ठरलं. हळदीला नवरीच्या अंगावर मामाकडची पिवळी साडी लागते. मामा म्हणजे आमचे हे. सारं गाव त्यांना नाना म्हणतं. नाना म्हणाले, "आण पोरी तुला पाहिजे ती."

रूपाली म्हणाली, "मला आईच्या हळदीतल्या साडीसारखीच पाहिजे. अगदी तोच पिवळा."

ती साडी आता कुठली आणायची? ती मीराताईच्या अंगावरच शेवटी गेली. उरला होता एक फोटो. मीराताईच्या सासरच्यांनी हळदीला पाचोऱ्याहून फोटोग्राफर आणला होता. राजूभाऊ. भल्या माणसाने निगेटिव्ह इतकी वर्षं जपून ठेवली होती. त्याने ती कॉम्प्युटरमध्ये घातली आणि लिंक पाठवली. माझी सून कीर्ती हिने तो फोटो घरच्या लॅपटॉपवर उघडला. म्हणाली, मोठा दिसेल.

दिसला मोठा. आणि मी ओरडलेच.

"हाई पिवळं नही शे!"

मी धुळ्याकडची. राग आला की माहेरची बोली बाहेर येते.

"मामी, पिवळाच आहे की," रूपाली म्हणाली.

"हा पिवळा? हा कच्च्या केळाचा रंग! मीराताईची साडी पिकल्या केळासारखी होती. उन्हात ठेवलेल्या. तिच्या निऱ्या मी धरल्या होत्या!"

"अगं, पंचवीस वर्षं झाली त्याला. फोटो खोटं बोलेल का?"

म्हणजे मी खोटं बोलते! केळीच्या बागेत माझी अर्धी हयात गेली. घड किती दिवसांत पिकेल ते मी साल बघून सांगते. आणि ही मला पिवळा शिकवणार?

मी नानांकडे पाहिलं. "तुमची बहीण आहे. तुम्ही सांगा."

नाना म्हणाले, "मला पिवळा आणि भगवा यातला फरक कळत नाही, तू मला यात ओढू नको."

झालं! रूपालीने जळगावच्या दुकानातून तशीच हिरवट साडी पसंत केली. मी म्हटलं, ती साडी या घरात आली तर मी हळदीला उभी राहणार नाही. तशी नानांनी काय करावं? मला गाडीवर बसवून डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं! डॉक्टरने रंगीत ठिपके दाखवले, मी सगळे आकडे धाडधाड वाचले. तो म्हणाला, "काकू, नजर उत्तम आहे."

"लिहून द्या," मी म्हटलं. दिलं त्याने लिहून! तो कागद मी फ्रीजवर चिकटवला.

दुसऱ्या दिवशी गाडीत बसून तडक पाचोरा. राजूभाऊचा स्टुडिओ वरच्या मजल्यावर. खालूनच सुरुवात केली, सगळा बाजार ऐकत होता. "आमच्या मेलेल्या माणसाचा रंग बदलता? लाज नाही वाटत?"

राजूभाऊ घाबरून म्हणाला, "अक्का, आधी वर तर या. पाणी प्या." त्याने आपल्या कॉम्प्युटरवर फोटो उघडला.

पिवळा. पिकल्या केळासारखा. तोच!

शहाण्या बाईने इथे काय करावं? गप्प बसावं. मी काय केलं? म्हटलं, "मी जिना चढेपर्यंत बदललात होय!"

"अक्का, मी हात पण नाही लावला."

"माले येडी समजतस का?" आणि पाणी न पिता निघाले.

घरी येऊन लॅपटॉप उघडायला लावला. हिरवट! मी टेबलावर हात आपटला. "पाहिलं? तिथे एक दाखवतो, इथे एक! ज्याने कोणी हे केलं, त्याचं नाव मी हळदीच्या मांडवात, बठ्ठ्या, सगळ्या भाऊबंदांसमोर घेईन. घेईन म्हणजे घेईन!"

आता बोललेला शब्द. असोद्यात तो कोणी विसरत नाही.

कीर्ती मात्र विचारात पडली. तिने तीच लिंक आपल्या मोबाईलवर उघडली आणि मोबाईल लॅपटॉपशेजारी धरला. दोन मीराताई. एक पिवळी, एक हिरवट.

"आई, तुमचंच खरं आहे हो!"

हे वाक्य मी दोनदा म्हणायला लावलं.

मग तिने ब्राउझरच्या वरच्या कोपऱ्यात बोट ठेवलं. तिथे एक एवढंसं हिरवं पान होतं. "हे बघा. कोणीतरी हे एक्स्टेंशन बसवलंय. उघडलेल्या प्रत्येक फोटोवर ते हिरवा पडदा टाकतंय." खरंच, त्या लॅपटॉपवर बातम्यांमधले पुढारीही आजारी दिसायचे. पण ते आम्हाला तसेच वाटतात, म्हणून कोणी मनावर घेतलं नाही.

कीर्तीने ते पान काढून टाकलं.

काय सांगू! पडद्यावर मीराताईच आली. साडी पिवळी, गाल हळदीने माखलेले, अंगात रक्त आल्यासारखी. मागे तिचा पदर धरून एक किडकिडीत पोरगी उभी. ती मी.

रूपाली पडद्याजवळ सरकली. मग म्हणाली, "आई एवढी हसायची?"

"हसायची? हळदीच्या वाटीत शिंकली होती ती!" मी म्हटलं, आणि दोघी रडलो.

तेवढ्यात नानांनी विचारलं, "पण ते पान बसवलं कोणी?"

आणि मला आठवलं.

दोन आठवड्यांपूर्वीची दुपार. मी एकटीच लॅपटॉपवर कलिंगडाच्या सालीची भाजी बघत होते. डोळे चुरचुरत होते. तर मधेच एक चौकोन आला आणि त्याने विचारलं, डोळ्यांना आराम हवा का? लग्नाच्या धावपळीत मला या घरात कोणी असं विचारलं होतं का हो? मला इतकं बरं वाटलं! मी 'हो' दाबलं. त्याने आणखी काही विचारलं, त्यालाही 'हो'.

पण नानांना मी काय म्हटलं? म्हटलं, "मांजर चढलं असेल."

राजूभाऊला बिबड्यांचा, ज्वारीच्या पापडांचा डबा पाठवला आणि फोटो काढायला बोलावलं. हळद आली. पिकल्या केळासारखी साडी नेसून रूपाली पाटावर बसली, मी तिच्या निऱ्या सारख्या केल्या. आणि ती कार्टी सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाली, "मामी, तू कोणाचं तरी नाव घेणार होतीस ना?"

तिला माहीत होतं! डोळ्यांतच हसत होती, अगदी मीराताईसारखी. सगळा मांडव माझ्याकडे बघायला लागला. राजूभाऊ कॅमेरा खाली घेऊन उभा.

आजवर प्रत्येक मांडवात मी यांचंच नाव घेतलं होतं. त्या दिवशी पदर खोचला, उभी राहिले आणि पहिल्यांदा स्वतःचं घेतलं.

सुलोचना.