आमच्या घराचा बिनकर्जी लिलाव

गेल्या वर्षी मी आमचं राहतं घर लिलावाला काढलं. घरावर एक रुपयाचं कर्ज नव्हतं, घर वडिलांच्या नावावर होतं आणि वडील आतल्या खोलीत पेपर वाचत बसले होते.

हे सगळं माझ्या सावधपणामुळं झालं. धाराशिवच्या बाजारात मी खरबूज घ्यायला उभा राहिलो की विकणाऱ्याला घाम फुटतो. रिक्षात बसायच्या आधी मी लायसनवरचा फोटो आणि समोरचा चेहरा पडताळून बघतो. (बायको म्हणते, लग्नात हार घालायच्या आधी मी तिच्या मामाला विचारलं होतं, "हीच ना ती?" साफ खोटं! मी तिच्या काकाला विचारलं होतं.)

तर आमची लेक बारावीला गेली आणि तिला अभ्यासाला वेगळी खोली पाहिजे झाली. बायको, म्हणजे सुनंदा, म्हणाली, "अहो, बँका जप्तीतली घरं लिलावात स्वस्तात काढतात म्हणं. मोबाइलवर त्याच्या याद्या देणाऱ्या कंपन्या हायत. एखादी बघा की!"

"बघतो. पण आधी खात्री करणार."

"तुमची खात्री होईस्तोवर पोरगी नांदायला जाईल!"

मी पंधरा कंपन्या तपासल्या. तेरा जणांना पहिल्याच फोनवर इतके प्रश्न विचारले की त्यांनीच फोन ठेवला. उरल्या दोन, एक निळ्या चिन्हाची आणि एक पिवळ्या चिन्हाची. दोन्हीकडं 'जप्तीतलं घर माहीत आहे? आम्हाला कळवा' असा रकाना होता. तो बघून माझ्या डोक्यात एक युक्ती चमकली. (माझ्या डोक्यात काही चमकलं की सुनंदा गॅस बंद करून ठेवते.) दोघांनाही एका खोट्या जप्तीची माहिती द्यायची. जो न तपासता छापेल, तो लबाड!

आता खोटं घर आणायचं कुठून? दुसऱ्याचं द्यावं तर अब्रूनुकसानी. म्हणून गल्लीच्या पलीकडं जाऊन आमच्याच घराचा फोटो काढला. खाली लिहिलं, 'बँकेनं जप्त केलेलं, तातडीनं लिलाव.' पत्ता खरा दिला. फोन नंबर मात्र मी अनोळखी लोकांना कधीच देत नाही, म्हणून वडिलांचा दिला.

निळ्यांनी तासाभरात मलाच उलट विचारलं, 'बँकेची नोटीस पाठवा, मालकाचा पुरावा पाठवा.' कागद मागतात म्हणजे नक्कीच काहीतरी काळंबेरं! मी नकार दिला. त्यांनी घर नाकारलं आणि माझं खातंच बंद करून टाकलं. पिवळ्यांनी दोन मिनिटांत 'अभिनंदन!' म्हणत घर छापलं आणि वर 'शंभर टक्के तपासलेलं' असा शिक्का मारला.

लबाड सापडला! मी खुशीत जाहिरात काढून टाकायला गेलो, तर पिवळे म्हणाले, 'मालकाचा सहीनिशी अर्ज लागेल.' छापायला कुणाची सही लागली नव्हती; काढायला मात्र मालकाची! आणि मालक म्हणजे आण्णा, माझे वडील, निवृत्त मास्तर. त्यांनी हे घर वीट न् वीट मोजून बांधलेलं. 'माझ्या घरावर कधी कुणाचा कागद चढला न्हाय,' हे वाक्य त्यांनी पाहुण्यांना चहाच्या आधी ऐकवलेलं. त्यांना काय सांगणार? मी ठरवलं, चार दिवस गप्प बसू. कोण बघतंय!

सगळ्यांनी बघितलं. सकाळीच आण्णांचा फोन वाजायला लागला.

"सुभ्या, ही लोकं इचारतेत लिलाव कधी म्हणून. कशाचा लिलाव?"

"चुकीचा नंबर लागला असंल, आण्णा."

"सकाळधरनं सात जणांचा?"

आण्णांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं, उठले आणि ट्रंक उघडून घराचे कागद मोजायला बसले. तोवर समोरचे शेख चाचा दारात येऊन हळूच म्हणाले, "मियाँ, घरपे कर्जा लिया था तो बोलना था ना! आपन काय परके हाव?" आण्णांनी ते ऐकलं. आतापर्यंत आमच्या घरात संशय घेणारा मी एकटाच होतो. त्या दिवशी सगळेच घ्यायला लागले, आणि तोही माझाच!

साडेदहाला तेर गावाहून बस आली आणि तिच्यातनं आत्या आली. आमच्याकडं दुःखाच्या घरी चूल पेटवू देत नाहीत, भाऊबंद भाकरी घेऊन येतात. आत्यानं डोक्यावरनं अख्खी दुरडीच आणली होती. उंबऱ्यातच बसून तिनं गळा काढला, "आण्णा रं! तुझं सोन्यासारखं घर गेलं रं!"

"अगं, मी त्याच्यातच उभा हाय की!" आण्णा ओरडले.

रडणं ऐकून गल्लीनंही आपापलं पिठलं आणलं. अकरा वाजता आमच्याकडं चार पातेली पिठलं होतं आणि ते खायची कुणाची हिंमत होत नव्हती. तेवढ्यात तेरखेड्याचा एक गिऱ्हाईक आला आणि विचारल्याशिवाय भिंती थापटायला लागला.

"ही खोली कोरडी राहती का? माल ठिवायचाय."

"कसला माल?" सुनंदानं विचारलं.

"फटाक्याचा. पर ओल दिसती. भित्ताडात दम न्हाय."

"दम न्हाय?" आण्णा उसळले. "तीस पावसाळे काढलेत ह्या भिंतीनं! हिकडं या, हा पाया बघा!" आणि आण्णांनी रागारागात त्याला घर असं काही दाखवलं, की तो खिशात हात घालून म्हणाला, "मास्तर, इसार आत्ताच देऊ का?"

आण्णा मटकन खाली बसले. माझ्याकडं बघून अगदी हळू आवाजात म्हणाले, "सुभ्या, खरं सांग. माझी खोटी सही केलीस का?"

त्या आवाजानं माझा सगळा सावधपणा वितळला. मी भरल्या घरासमोर सगळं ओकलो. युक्ती, निळे, पिवळे, सगळं. आत्या रडायची थांबली. गिऱ्हाईकानं पैसे परत खिशात घातले. सुनंदानं कपाळावर हात मारून घेतला, आणि मग माझ्या कपाळाकडं बघितलं.

आण्णांनी मोठा श्वास सोडला. कर्ज नव्हतं, सही नव्हती. पोरगा नुसता गाढव होता, आणि ते त्यांना आधीपासनं माहीत होतं. त्यांनी कागद मागवला आणि वळणदार अक्षरात पिवळ्यांना अर्ज लिहून मोठ्यानं वाचला, "सदर जाहिरात माझ्या चिरंजीवाने शहाणपणाच्या झटक्यात दिली असून..." गल्लीनं टाळ्या वाजवल्या.

मग म्हणाले, "आता ज्यांनी तुला नाकारलं, त्यांचा नंबर दे. तीच माणसं कामाची."

आण्णांनी फोन लावून सगळी हकीकत सांगितली आणि सुनंदाच्या नावानं नोंदणी मागितली. निळ्यांकडचा माणूस नम्रपणे म्हणाला, "काका, सूनबाईंच्या नावानं जरूर नोंदणी करू. फक्त एक अट आहे. घर बघायला येताना तुमच्या मुलाला आणायचं नाही."

सुनंदानं जागच्या जागी नोंदणी केली. मी एका शब्दानं विरोध केला नाही. पंधरा कंपन्यांत माणसाची पारख असलेली ही एकच निघाली.